साहेबांचा आटलेला कोट

मी या घरात सून म्हणून आले, त्याच संध्याकाळी सासऱ्यांनी मला समोर बसवून धंद्याची पहिली गोष्ट शिकवली. “सूनबाई, गिऱ्हाईक कधी जाड होत नसतं. कपडा आटतो. कुणी तक्रार घेऊन आलं, की मान खाली घालायची आणि म्हणायचं, आटला असेल हो. बस्स. पुढे एक अक्षर नाही.” मी मान डोलावली, पण मनात म्हटलं, हे काही आपल्याच्याने व्हायचं नाही. माझं तोंड माहेरापासूनच फटकळ. सासरे पुढे वारले, पण त्यांचा शब्द घरात तसाच राहिला, आणि तो मोडायची माझी बरीच वर्षं छाती झाली नाही.

आमची धुलाई म्हणजे पुढे गाठोडी सोडायची पडवी, मागे दगडी हौद, त्यापलीकडे भट्टी आणि रस्त्याच्या कडेने बांधलेल्या दोऱ्या. इस्त्रीची खोली आमच्या ह्यांची. हे दिवसभर निखारे फुंकत असतात आणि काहीही विचारलं तरी ‘हं’ म्हणतात. सुई, कात्री, तुटलेली बटणं हे सासूबाईंचं राज्य. आणि गोऱ्या साहेबलोकांच्या बंगल्यांवरून मळके कपडे आणायचे नि धुतलेले पोचवायचे, हे काम बारक्याचं.

बारक्या माझा धाकटा दीर. नावाचाच बारक्या, दारातून येताना वाकतो. मी लग्न होऊन आले तेव्हा तो जेमतेम माझ्या कमरेला लागत होता. सासूबाई सगळा वेळ भट्टीवर, म्हणून हा माझा पदर धरून फिरायचा. त्याला न्हाऊमाखू मी घातलं, तापात उशाशी मी बसले. मला तो दीर वाटतच नाही, पोटचा वाटतो. हे त्याला मी तोवर कधी सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर डोक्यावर बसला असता. त्याला एकच खोड. घाबरला की हसतो. लहानपणी मास्तरांचा मार त्याने त्या हसण्यापायीच सगळ्यांत जास्त खाल्ला.

तर त्या दिवशी सकाळपासूनच काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. टेकाडावर मोठ्या साहेबांचा बंगला आहे. त्यांच्या दिवाणखान्यात माणसाएवढं उंच, लाकडी पेटीचं घड्याळ आहे, आणि त्याचे टोल आमच्या हौदापर्यंत ऐकू येतात. त्या टोलांवरच आमची भट्टी चालते. त्या दिवशी टोल पडलेच नाहीत. चादरी जास्त उकळल्या, सासूबाई माझ्यावर उखडल्या, मी ह्यांच्यावर उखडले, हे ‘हं’ म्हणाले.

“साहेबाच्या घड्याळानेसुद्धा लाटसाहेबाची धास्ती घेतली वाटतं,” सासूबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी राजधानीतून लाटसाहेब यायचे होते. त्यांच्यासाठी दरबार भरायचा होता, आणि रस्त्यावरच्या दगडांनासुद्धा चुना लावून झाला होता.

एवढ्यात बंगल्याचं गाठोडं खांद्यावर घेऊन बारक्या आला, आणि त्याच्या पाठोपाठ हवालदार. म्हणजे आधी मिशा आल्या, मग पोट आलं, मग हवालदार.

“साहेबांचा दरबारी कोट चोरीला गेलाय!” हवालदार ओरडला. “लाल, सोनेरी बटणांचा! किती वर्षांनी पेटीतून काढून हवा लागायला व्हरांड्यात टांगला होता. रात्री होता, सकाळी नाही. आणि सकाळी बंगल्यावर बाहेरचा माणूस आला तो एकच. हा!”

बारक्या हसला.

“हसतोस?” हवालदार म्हणाला. “वर हसतोस?”

“अहो, तो घाबरलाय,” मी म्हणाले. पण हवालदाराने तोवर गाठोड्याची गाठ सोडून कपडे पडवीभर उधळले होते. चादरी, टॉवेल, मोजे, आणि त्या मोज्यांतून टुणकन उडी मारून एक सोनेरी बटण फरशीवरून गडगडत माझ्या पायाशी आलं.

मी ते उचललं. नुसतं बटण नव्हतं, त्याला मागे लाल कापडाची चिंधी चिकटलेली होती. कापलेली नव्हे, फाटलेली. चोर बटण कापून घेईल, कापड फाडून कशाला घेईल? हे मी बोलणार तोच हवालदाराने ते माझ्या हातातून हिसकावलं.

“साहेब स्वतः सांगतात, पेटीतून काढल्यापासून त्यांनी कोटाला बोटसुद्धा लावलेलं नाही. आता उद्या दरबाराच्या आत कोट सापडला नाही, तर हा कोर्टात. फिर्यादी साहेब, न्यायाधीशही साहेबच. निकाल काय लागेल ते तुमचं तुम्ही समजा.”

आणि आमच्याच दोरीवरचे पलंगपोस खाली टाकून, आमचीच दोरी सोडून, त्याने आमच्याच माणसाचे हात बांधले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बारक्या वळून वळून माझ्याकडे बघत गेला. हसत होता, आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. ते हसू ओळखणारं माणूस त्या रस्त्यावर मी एकटीच होते.

सासूबाई खांबाला टेकून बसल्या. हे इस्त्री हातात धरून दारात उभे राहिले, आणि पहिल्यांदाच ‘हं’सुद्धा म्हणाले नाहीत.

मी पदर खोचला आणि पडवीत बसून तो पसारा एकेक करून बघायला लागले. माझ्या बारक्याला चोर म्हणतात काय! माणसाचं तोंड खोटं बोलेल, मळका कपडा कशाला बोलेल? आमच्या गावात कुणाला रात्री झोप लागत नाही, कोण जेवताना हात कुठे पुसतं, कुणाच्या उशीवर कुणाचा केस, सगळं आम्हाला ठाऊक असतं आणि सगळं हौदात बुडवून आम्ही गप्प बसतो.

आणि साहेबांचा एक पांढरा शर्ट मिळाला. बगलेत गुलाबी. पाठीवर गुलाबी. मनगटांना गुलाबी. मी तो उजेडात धरला.

“अहो, इकडे या,” मी ह्यांना हाक मारली. “हा जुन्या लाल कापडाचा कच्चा रंग. घामाने उतरलाय. म्हणजे हा शर्ट अंगात असताना कुणीतरी वरून तो कोट चढवला, आणि घाम फुटेस्तोवर त्याच्याशी झटापट केली. आलं लक्षात? बंगल्यावरचा बटलर! मेला साहेबाचे कपडे घालून आरशासमोर साहेब झाला असणार, बटण तुटलं, आणि घाबरून कोट दडवला!”

“बटलर?” हे म्हणाले. “त्या काटकुळ्याच्या अंगावर बटण तुटेल कशाने? त्या कोटात असे दोन बटलर मावतील.”

हे एवढं बोलले म्हणजे खरंच विचार करण्यासारखं होतं. बटण तुटलं ते आतून जोर लागून. कोटात मावणार नाही असं कुणीतरी आत शिरलं होतं.

“मग साहेबच का?” हे म्हणाले.

“छे! साहेबांचं माप माझ्या हाताखालून जातं. त्यांच्या विजारी घट्ट झाल्या असत्या तर त्यांच्या मडमने आकाशपाताळ एक केलं असतं. पूर्वी करायचीच की, आटवल्या, आटवल्या म्हणून. हल्ली वर्षभर तोंडातून शब्द नाही. साहेब होता तेवढाच आहे.”

खांबाशी कात्री खणकन पडली. सासूबाईंच्या हातातून.

मी वळून बघितलं. सासूबाई फरशीकडे बघत होत्या.

“सासूबाई?”

“मला काय विचारतेस?”

“मी अजून काही विचारलेलंच नाही.”

मग हळूहळू निघालं एकेक. मडम दर खेपेला आटलं म्हणायची, दुसऱ्या धुलाईला काम देईन म्हणून धमकवायची. तेव्हा सासूबाईंनी गुपचूप साहेबांच्या विजारीची मागची शिवण उसवून बोटभर ढिली केली. तक्रार बंद. पुन्हा तक्रार यायच्या आत पुन्हा बोटभर. शर्टांचं तेच, जाकिटांचं तेच. शिवणीतलं कापड संपलं तेव्हा आतून पट्ट्या लावल्या.

“पट्ट्या? पांढऱ्या जीन कापडाच्या पट्ट्या आणल्या कुठून?”

सासूबाई आणखी खाली बघायला लागल्या. “डॉक्टरसाहेब उंच आहेत. त्यांच्या विजारी लांबलचक असतात.”

मी कपाळावर हात मारला. गावभर लोक म्हणत होते, डॉक्टरसाहेबांचे घोटे हल्ली फार दिसतात. नवी तऱ्हा असेल म्हणून दोघाचौघांनी तशा आखूड विजारी शिवूनही घेतल्या होत्या.

“अगं, तुझ्या सासऱ्यांनीच सांगितलं होतं ना,” सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, “गिऱ्हाईक जाड होत नाही म्हणून. मी होऊ दिलं नाही.”

म्हणजे बिचाऱ्या साहेबाला वर्षभर पत्ताच नव्हता! रोजचा प्रत्येक कपडा त्याला बरोबर बसत होता. एकच कपडा आमच्या हातात कधी आला नाही, तो म्हणजे पेटीतला लाल कोट. तो काल बाहेर निघाला, आज पहाटे साहेबाने कौतुकाने अंगात घातला, आणि त्या कोटाने त्याला खरं काय ते सांगितलं.

मी गुलाबी शर्टाची घडी घातली आणि उठले. सासूबाई आडव्या आल्या. “सूनबाई, तिथे जाऊन तसलं काही बोलू नकोस हं. गिऱ्हाईक आहे. तुझ्या सासऱ्यांचा शब्द आहे.”

“बघते,” मी म्हणाले. माझ्याच्याने त्याहून जास्त कबूल करवेना.

बंगल्याच्या मागच्या दारात बटलर चांदीचे चमचे पुसत होता. मी आल्याआल्या त्याच्याकडे रोखून बघितलं, मनातल्या मनात त्याला कोट घालून बघितला, आणि ह्यांचं म्हणणं पटलं. आतून मडमचा आवाज येत होता. फुलदाण्यांवरून कुणाला तरी झापत होती.

“घड्याळ का बंद आहे हो?” मी बटलरला विचारलं.

“ते विचारू नकोस,” तो म्हणाला. “सकाळपासून बंद. मडम म्हणाली, पेटी उघडून लंबक बघ. तर साहेब धावत आले आणि घड्याळाला पाठ लावून उभे राहिले. म्हणे किल्ली हरवली, खबरदार कुणी हात लावाल तर. एवढे ओरडले, एवढे ओरडले, जसं काही मी त्यांच्या आईला हात लावतोय.”

मी दिवाणखान्यातल्या त्या उंच पेटीकडे बघितलं. लंबक आपण होऊन थांबत नाही, त्याला काहीतरी अडावं लागतं. माझं मलाच हसू आलं, पण कोठडीतला बारक्या आठवला आणि ते गेलं.

साहेब त्यांच्या लिहायच्या खोलीत होते. साहेबांना आमची भाषा येते, पण ती त्यांनी कुठल्याशा म्हाताऱ्या पंडिताकडून जुन्या पोथ्या वाचून शिकलेली. त्यामुळे ते बोलायला लागले की आपण देवळात आलोय असं वाटतं.

“हे रजकपत्नी,” साहेब म्हणाले, “तव आगमनाचे प्रयोजन काय?”

रजकपत्नी म्हणजे परटीण, हे मला मागून बटलरने सांगितलं. तेव्हा मी शिवी समजून सोडून दिली.

“कपड्यांच्या खळीबद्दल बोलायचं होतं, साहेब,” मी म्हणाले, मागे दार लावून घेतलं, आणि त्यांच्या टेबलावर शर्ट पसरला.

साहेबांनी शर्टाकडे बघितलं. मग खिडकीकडे. मग छताकडे.

“हे वस्त्र मजला अपरिचित आहे.”

“कॉलरवर तुमच्या दाढीचा साबण आहे, साहेब. आणि हा लाल रंग ज्या कोटाचा आहे, तो घड्याळात आहे. उघडून दाखवू?”

साहेबांचा चेहरा त्या कोटाच्याच रंगाचा झाला. ते हळूच खुर्चीत बसले. खुर्ची करकरली.

“प्रातःकाळी तो धारण करू गेलो,” ते पुटपुटले. “तो मजवर बसेना. मी श्वास रोधून धरिला, तत्क्षणी गुंडी उडाली, ती मलिन वस्त्रांत पडली. लाटसाहेबांसमोर माझे हसे होईल, या भयाने तो लपविला. चोरीची वार्ता माझ्या पत्नीने पसरविली. मी केवळ ‘स्पर्श केला नाही’ इतुकेच वदलो.”

“आणि माझा दीर?”

“तो निर्दोष आहे, हे मी जाणतो.” साहेबांनी छातीवर हात ठेवला. “यास्तव त्याची शिक्षा मी अत्यंत सौम्य ठेवीन.”

सौम्य ठेवीन! बस्स. त्याक्षणी माझ्या डोक्यातून सासरे गेले, सासूबाई गेल्या, गिऱ्हाईक गेलं. समोर एवढं दिसत होतं की माझं पोर दोरीने बांधून नेलंय, आणि हा माणूस खुर्चीत बसून उदार होतोय.

“साहेब,” मी म्हणाले, “तुम्ही जाड झालात.”

साहेब पोट आत ओढून ताठ बसले.

“कोट नाही आटला. विजार नाही आटली. आमच्या हौदात आजवर काहीसुद्धा आटलेलं नाही. तुम्ही वाढलात! वर्षभर माझी सासू तुमच्या शिवणी ढिल्या करतेय. तुमच्या बुडाला डॉक्टरसाहेबांच्या विजारीच्या पट्ट्या आहेत, काढून बघा खोटं वाटत असेल तर. आणि आता ऐका. हा शर्ट मी धुणार नाही. उद्या लाटसाहेबांची गाडी आमच्या दोऱ्यांच्या कडेने जाईल. तेव्हा दोरीवर एकच कपडा असेल. कुणी विचारलं की हे काय, तर मी सांगेन काय ते. मला बोलायला आवडतं.”

मनात म्हटलं, आता हा घंटी वाजवणार, हवालदार येणार, आणि दोरी तर आमच्याकडे भरपूर आहे.

साहेब खुर्चीतच थोडे पुढे सरकले. मग त्यांनी आपल्या विजारीची मागची शिवण हाताने चाचपली. पट्टी लागली असणार, कारण त्यांचे खांदे पडले.

“मला कुणी सांगितलंच नाही,” ते म्हणाले. पोथीतलं नव्हे, आपण बोलतो तसं, साधं. ते त्यांना येतं हे मला तेव्हा कळलं.

मला थोडी दया आली, खोटं कशाला बोलू? पण थोडीच. “कोण सांगणार, साहेब?” मी म्हणाले. “तुमच्याकडे माणसाचे हात बांधून नेतात.”

ते उठले, वास्कुटाच्या खिशातून ती हरवलेली किल्ली काढली आणि दिवाणखान्यात गेले. पेटी उघडून कोट बाहेर ओढला, तसा लंबक हलला आणि घड्याळाने आपल्या मनाला येतील तेवढे टोल ठोकले. मडम धावत आली. साहेब तिच्याशी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलले. बटलर माझ्या कानात सांगत होता. “म्हणतात, कोट मीच परटिणीला द्यायला काढून ठेवला होता, विसरलो. त्या माणसाला आत्ता सोडायला सांगा. मडम विचारतेय, परटिणीला कशाला, आटलाय का?”

साहेबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग मडमकडे, आणि दोन शब्द बोलले.

“म्हणतात,” बटलर कुजबुजला, “आटला असेल.”

मी जीभ चावली आणि कोट काखोटीला मारून चौकीकडे धावत सुटले.

कोठडीच्या कोपऱ्यात बारक्या बसला होता. हसत नव्हता. मला बघूनही हसला नाही, आणि तेच मला सगळ्यांत वाईट वाटलं. मी त्याला हाताला धरून घरी आणलं, पायरीवर बसवलं, पाणी दिलं आणि वाट्टेल ते बोलले. गाठोडं नीट बघून आणता येत नाही, हवालदारासमोर दात काढतोस, घोडा झालास तरी अक्कल नाही. बोलता बोलता मला रडूच फुटलं. “तू मला पोटच्यासारखा आहेस रे मेल्या,” मी म्हणाले. तेव्हा कुठे तो हसला.

सासूबाईंनी कोटाची मागची शिवण उसवली. लाल कापड हवं होतं, आणि नेमका हवालदाराचा कमरेला बांधायचा लाल पटका धुवायला आला होता. दुसऱ्या दिवशी दरबारात साहेब लाटसाहेबांसमोर ताठ उभे राहिले, मोकळा श्वास घेत, सगळी बटणं लागलेली. त्यांच्या पाठीमागे हवालदार उभा होता आणि कमरेचा पटका पुरेना म्हणून सारखा ओढून ओढून खोचत होता. मी गर्दीतून बघत होते. इतकं सुख मला माझ्या लग्नातसुद्धा झालं नव्हतं.

पण बारक्या त्यानंतर बंगल्यावर जाईना. जा म्हटलं की हौदाशी काहीतरी काम काढायचा. मग गाठोडी पोचवायला बटलरच येऊ लागला.

एके सकाळी तो आला तो मडमचा निळा झगा हातात घेऊन. तोंड अगदी पडलेलं.

“मडम म्हणते, कमरेत आटवलात.”

मी झगा हातात घेतला. कापड होतं तसं होतं. माझ्या जिभेवर सगळं जमा झालं, अगदी तोंडाशी आलं. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. हे इस्त्री घेऊन दारात आले. हौदाशी बारक्या चादर पिळत होता, त्याचे हात तसेच थांबले. दोरीचे वळ अजून त्याच्या मनगटांवरून गेले नव्हते. त्याने माझ्याकडे बघितलं आणि हसला.

ते हसू मी ओळखते.

“आटला असेल हो,” मी बटलरला म्हणाले, आणि कात्री सासूबाईंच्या हातात दिली.